संमतिपत्रात नसलेला प्रश्न

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी परिचारिकेने माझ्या हाती संमतिपत्र दिले. भुलीचे धोके, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशयाला किंवा आतड्याला इजा होण्याची शक्यता, रक्त चढवावे लागण्याची तयारी हे सारे त्यात छापलेले होते. ‘गर्भाशय व दोन्ही अंडाशय काढणे’ ही ओळ तेवढी हाताने लिहिलेली होती. शेवटी सह्यांसाठी दोन जागा होत्या. एक माझी आणि दुसरी ‘पती किंवा पालक’ यांची. मी तेव्हा 43 वर्षांची होते. सार्वजनिक आरोग्य या विषयावर वीस वर्षे लिहीत आले होते. तरीही मला पडलेला प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, हे मला सुचत नव्हते.

फेरीवर आलेल्या डॉक्टरांना अखेर मी विचारले, ‘‘याचा आमच्या वैवाहिक जीवनावर काही परिणाम होईल का?’’ डॉक्टर माझ्याकडे न पाहता माझ्या पतीकडे वळले. ‘‘काळजी करू नका, सर. दोन मुले झाली आहेत, आता बच्चेदानीचा उपयोग तरी काय? उलट दर महिन्याची कटकट संपेल.’’ पतीने मान डोलावली; त्यालाही दुसरे काही सुचले नसावे. प्रश्न माझा होता, उत्तर त्याला मिळाले आणि मुळात ते उत्तर नव्हतेच.

इतकी खासगी गोष्ट या स्तंभात मांडावी का, यावर मी बराच विचार केला. देशाच्या घडामोडींची चर्चा जिथे होते, तिथे एका स्त्रीच्या शय्यागृहाचे काय काम, असे वाचकांना वाटू शकेल. पण मला मिळालेले मौन एका डॉक्टरांच्या संकोचातून आलेले नव्हते. ते आपल्या आरोग्यव्यवस्थेचे, विमा योजनांचे, सर्वेक्षणांचे आणि काही प्रमाणात वैद्यकीय संशोधनाचेही मौन आहे. म्हणून त्याची जागा याच स्तंभात आहे.

गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या या गाठींना वैद्यकीय भाषेत फायब्रॉइड म्हणतात. त्या कर्करोगाच्या नसतात. अशा गाठीत कर्करोग आढळणे अत्यंत दुर्मीळ आहे. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात लहानमोठी गाठ असते आणि त्यांपैकी अनेकींना तिचा पत्ताही लागत नाही. त्रास न देणाऱ्या गाठीवर उपचारांची गरज नसते. पाळी थांबल्यावर बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात. पण ज्यांना त्रास होतो, त्यांचा त्रास खरा असतो. माझ्या बाबतीत पाळीचे आठ-नऊ दिवस घराबाहेर पडणे अशक्य झाले होते. हिमोग्लोबिन सातवर आले होते. ओटीपोट चौथा महिना असल्यासारखे दिसे आणि संभोगाच्या वेळी खोलवर कळ येई. त्या कळेविषयी मी कुणापाशीच बोलले नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. रक्तस्रावाने थकलेले शरीर, दुखण्याची धास्ती आणि स्वतःच्या पोटाची वाटणारी लाज यांतून कामेच्छा वाट काढील तरी कशी? उपचारांच्या परिणामांकडे वळण्यापूर्वी हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण लैंगिक जीवनाला पहिला धक्का देतो तो हा आजारच.

शस्त्रक्रियेपूर्वी गाठी लहान व्हाव्यात आणि रक्त भरून यावे म्हणून मला तीन महिने दरमहा एक इंजेक्शन देण्यात आले. हे औषध मेंदूकडून अंडाशयांना जाणारा संदेश थांबवते. इस्ट्रोजेन घटते, पाळी बंद होते आणि स्त्रीला तात्पुरती रजोनिवृत्ती येते. रक्तस्राव थांबला, हे खरे. पण दुसऱ्या महिन्यापासून अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली, योनीमार्ग कोरडा पडला आणि इच्छा जणू कुणीतरी बटण दाबून बंद केली. यातली एकही गोष्ट मला आधी सांगितली गेली नव्हती. आमच्या संसाराला अठरा वर्षे झाली होती. पतीला वाटले, मला त्याचा कंटाळा आला आहे. मला वाटले, मी म्हातारी झाले. आम्ही दोघे पलंगाच्या दोन कडांना पाठमोरे झोपू लागलो आणि त्याचे कारण औषधाच्या एका कुपीत आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी मला खरे तर एवढेच विचारायचे होते, की गेले तीन महिने माझी जी अवस्था आहे, ती दोन्ही अंडाशय काढल्यावर कायमची होणार का? वैद्यकशास्त्राकडे याचे उत्तर आहे. ते बऱ्याच अंशी ‘होय’ असे आहे. मला ते त्या रुग्णालयात मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सही न करता मी घरी परतले.

परत जाणे मला शक्य होते, कारण माझ्यापाशी पैसे होते, शोधनिबंध वाचण्याइतके इंग्रजी होते आणि दुसऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक होता. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नसते, अशा स्त्रियांना मी याआधी भेटले होते. फक्त त्यांचे म्हणणे तेव्हा मला पुरते ऐकू आले नव्हते.

काही वर्षांपूर्वी आंध्र प्रदेशात गुंटूर जिल्ह्यातील एका गावी मी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांशी बोलत होते. मिरचीच्या शेतात मजुरी करणाऱ्या एका बाईचे वय तिशीच्या आत होते. अंगावरून जाते म्हणून ती तालुक्याच्या गावी गेली. सोनोग्राफीत गाठ दिसली. ‘ठेवलीस तर कॅन्सर होईल’ असे ऐकून तिने सावकाराकडून कर्ज काढले आणि आठवड्याभरात गर्भाशय काढून घेतले. अंडाशय ठेवले की काढले, हे तिला माहीत नव्हते. कागदपत्रांत मला एक ओळ सापडली. दोन्ही काढले होते. कंबर दुखते, अंग पेटते, चिडचिड होते, असे ती सांगत राहिली. मी कर्जाची रक्कम, व्याजाचा दर आणि बुडालेली मजुरी वहीत टिपत राहिले. निघताना ती दुभाषी म्हणून आलेल्या आशा कार्यकर्तीला हळूच काही म्हणाली. आशाताईंनी थोडे घुटमळत भाषांतर केले, ‘‘ती म्हणते आहे, रात्री फार दुखते. नको म्हटले तर नवरा संशय घेतो. हे त्या ऑपरेशनमुळे असेल का, असे मेडमना विचार.’’ मला उत्तर ठाऊक नव्हते. डॉक्टरांना विचारा, असे काहीतरी सांगून मी गाडीत बसले. त्या मजकुराला माझ्या लेखात जागा मिळाली नाही.

आपल्या भाषांनी या अवयवाला दिलेली नावे पाहावीत. हिंदीत तो बच्चेदानी, म्हणजे मुले ठेवायचे भांडे. तेलुगूत गर्भसंचि, म्हणजे गर्भाची पिशवी. महाराष्ट्रात तर नुसती ‘पिशवी’. मुले झाली, की भांडे रिकामे आणि रिकामे भांडे अडगळीत, हा विचार नावातच दडलेला आहे. याच्या उलट टोकाची समजूतही तितकीच रूढ आहे. पिशवी काढलेली बाई ‘बाई’ राहत नाही, तिच्यात काही उरत नाही, तिच्यापाशी गेल्यास पुरुषालाही अपाय होतो, असे मी उत्तरेत आणि दक्षिणेत सारखेच ऐकले आहे. पहिल्या समजुतीमुळे नको असलेली शस्त्रक्रिया होते, दुसरीमुळे गरजेची शस्त्रक्रिया टळते आणि स्त्री रक्त गमावत राहते. पुराव्याने पाहता दोन्ही समजुती चुकीच्या ठरतात.

पुरावा काय सांगतो? अमेरिकेतील मेरिलँड राज्यात गर्भाशय काढलेल्या 1100 हून अधिक स्त्रियांचा दोन वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी संभोगाच्या वेळी वारंवार वेदना होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 18.6 टक्के होते. दोन वर्षांनी ते 3.6 टक्क्यांवर आले. कामेच्छा मंदावल्याची तक्रार 10.4 टक्क्यांवरून 6.2 टक्क्यांवर आली. याचा अर्थ ज्यांना शस्त्रक्रियेची खरी गरज होती, त्यांच्यातील बहुतेकींचे लैंगिक जीवन सुधारले. यात नवल नाही. दुखणे गेले, रक्तस्राव गेला, गर्भ राहण्याची धास्ती गेली. पण सरासरी म्हणजे प्रत्येकीचे नशीब नव्हे. काहींच्या तक्रारी नव्याने सुरू झाल्या आणि शस्त्रक्रियेपूर्वी ज्या स्त्रिया नैराश्याने ग्रासलेल्या होत्या, त्यांना नंतरही वेदना, कोरडेपणा आणि इच्छेचा अभाव यांना अधिक प्रमाणात तोंड द्यावे लागले.

गर्भाशयाचे मुख ठेवले तर लैंगिक सुख टिकते, असा समज दीर्घकाळ होता. लंडनमध्ये 279 स्त्रियांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भाशयमुख काढलेल्या आणि ठेवलेल्या स्त्रियांच्या लैंगिक जीवनात फरक आढळला नाही. तरीही काही स्त्रियांना परमोच्च क्षणी गर्भाशयाचे आकुंचन स्पष्ट जाणवते आणि शस्त्रक्रियेनंतर त्या संवेदनेची उणीव भासते. असा अनुभव सांगणारी स्त्री कल्पनेत रमते आहे, असे समजण्याचे कारण नाही.

अंडाशयांची गोष्ट मात्र वेगळी आहे. पाळी सुरू असलेल्या स्त्रीचे दोन्ही अंडाशय काढले, की इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळते आणि इच्छेशी निगडित असलेल्या टेस्टोस्टेरॉनचा मोठा स्रोतही जातो. नैसर्गिक रजोनिवृत्ती वर्षानुवर्षे पायरी-पायरीने येते, ही एका रात्रीत येते. योनीमार्गाची त्वचा पातळ व कोरडी होते, संभोग दुखतो, इच्छा घटते. हाडे आणि हृदय यांना पोहोचणारा धोका वेगळाच. अंडाशयांत दोष नसेल आणि कुटुंबात अंडाशयाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाचा विशेष इतिहास नसेल, तर साध्या गाठींसाठी तरुण स्त्रीचे अंडाशय काढण्याला आधार नाही. ते ठेवले तरी गर्भाशय काढल्यावर रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते, हेही सांगितले गेले पाहिजे.

आणि गर्भाशय काढणे हा एकमेव मार्ग नाही. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचे संप्रेरक सोडणारे साधन आहे. गाठींनी पोकळीचा आकार बिघडला नसेल तर ते अनेकींना उपयोगी पडते, मात्र सुरुवातीचे काही महिने अनियमित डाग पडतात आणि काही स्त्रिया मन उदास होण्याची किंवा इच्छा कमी झाल्याची तक्रार करतात. नुसत्या गाठी काढून गर्भाशय राखणारी शस्त्रक्रिया आहे; तिच्यानंतर गाठी पुन्हा होऊ शकतात. गाठींना रक्त पुरवणाऱ्या धमन्या सूक्ष्म कणांनी बंद करण्याची एम्बोलायझेशनची पद्धत फ्रेंच डॉक्टर जाक राविना यांनी 1995 मध्ये जगापुढे मांडली. नेदरलँड्समधील 177 स्त्रियांच्या चाचणीत हा उपचार घेतलेल्या आणि गर्भाशय काढलेल्या स्त्रियांच्या लैंगिक जीवनात लक्षणीय तफावत दिसली नाही. पण पंचेचाळिशीच्या पुढे या उपचाराने अंडाशयांचे काम मंदावण्याची शक्यता वाढते आणि क्वचित संवेदनेत बदल झाल्याचीही नोंद आहे. थोडक्यात, कोणताही उपचार निर्धोक नाही आणि कोणताही उपचार म्हणजे स्त्रीत्वाचा अंतही नाही. कुठला उपचार कुणासाठी, हे ठरवताना त्या स्त्रीला तिच्या शरीरसुखाविषयी काय वाटते, हा एक निकष असायला हवा. आज तो नाही.

संशोधनही यात निर्दोष नाही. फायब्रॉइड असलेल्या स्त्रियांचे जीवनमान मोजण्यासाठी 2002 मध्ये तयार झालेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात 37 प्रश्न आहेत. थकवा, चिंता, कपड्यांवर डाग पडण्याची भीती, प्रवासाची अडचण यांविषयी तपशीलवार विचारले आहे. लैंगिक जीवनावर दोन प्रश्न आहेत: इच्छा कमी झाली का आणि संबंध टाळावेसे वाटले का. सुखाबद्दल, ओलाव्याबद्दल, समाधानाबद्दल काही नाही. स्त्रीच्या लैंगिक आरोग्यासाठी 19 प्रश्नांची वेगळी मोजपट्टी 2000 सालापासून उपलब्ध आहे. गाठींवरील अभ्यासांत तिचा वापर सार्वत्रिक झालेला नाही. त्यामुळे ‘लैंगिक जीवन सुधारले’ असे एखादा अभ्यास म्हणतो, तेव्हा कधी कधी त्याचा अर्थ ‘आता ती टाळत नाही’ एवढाच असतो. न टाळणे आणि सुख मिळणे यांतले अंतर कोणत्याही विवाहित स्त्रीला समजावून सांगावे लागणार नाही.

आता आपल्या देशाकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने 2015-16 मध्ये प्रथमच गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची व्यवस्थित नोंद घेतली. 2019-21 च्या पाचव्या फेरीतही चित्र फारसे बदलले नाही. 15 ते 49 वयोगटातील सुमारे तीन टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढले गेले आहे. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात हे प्रमाण आठ टक्क्यांच्या घरात आहे. बिहार आणि गुजरातही राष्ट्रीय सरासरीच्या वर आहेत. या स्त्रियांपैकी निम्म्या जणींची शस्त्रक्रिया पस्तिशीच्या आत झाली होती आणि बहुसंख्य शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या. कारणांत अतिरिक्त रक्तस्राव पहिला आणि गाठी हे दुसरे मोठे कारण. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याचा अनुभव मराठी वाचकांना वेगळा सांगायला नको. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या माहितीनुसार, पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते.

सर्वेक्षणात शस्त्रक्रिया कधी झाली, कुठे झाली आणि का झाली, हे विचारले जाते. अंडाशय राहिले की गेले, हे विचारले जात नाही. त्यानंतर तिचे जीवन कसे आहे, हेही नाही. विषय नाजूक असल्यामुळे प्रश्न टाळले असतील, असे म्हणावे, तर हेच सर्वेक्षण पत्नी थकलेली असताना तिने संबंधास नकार देणे योग्य की अयोग्य, असे स्त्री-पुरुष दोघांनाही विचारते. तेव्हा संकोच हे कारण नव्हे. शस्त्रक्रियेनंतरचे शरीरसुख ही मोजण्याजोगी बाब आहे, असे अजून कुणाला वाटलेले नाही, हे खरे कारण.

यामागे पैशाचेही गणित आहे. 2008 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत गरीब कुटुंबाला 30,000 रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळे, तेही रुग्णालयात दाखल झाल्यास. पुढे बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातून गरज नसताना गर्भाशये काढल्याच्या तक्रारी आल्या. 2018 मध्ये आलेल्या आयुष्मान भारत योजनेने संरक्षणाची रक्कम पाच लाखांवर नेली आणि या शस्त्रक्रियेवर देखरेखीचे प्रयत्नही झाले. पण बाह्यरुग्ण उपचार तिच्याही कक्षेबाहेरच राहिले. गाठींवरचे सौम्य उपचार म्हणजे गोळ्या, गर्भाशयातील साधन, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, रक्तवाढीची औषधे आणि डॉक्टरांशी अर्धा तास शांतपणे बोलणे. हे सारे बाह्यरुग्ण विभागात घडते. म्हणजे अवयव काढायला सरकार पैसे देते आणि तो वाचवायला स्त्रीने स्वतःच्या कनवटीचे मोजायचे. रोजंदारी बुडवून पुन्हा पुन्हा दवाखान्यात जाणे जिला परवडत नाही, ती ‘एकदाच काय ते’ निवडते. त्याला तिची निवड म्हणणे ही आपली सोय झाली.

कायदा या बाबतीत व्यवस्थेच्या पुढे आहे. दिल्लीतील एक 44 वर्षांची अविवाहित स्त्री 1995 मध्ये दीर्घ रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी तपासणीस गेली. दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी तिला भूल दिली गेली आणि ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढण्यात आले. जानेवारी 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध निर्णय दिला: तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे आणि सज्ञान, सक्षम स्त्रीच्या वतीने तिची आई संमती देऊ शकत नाही. रुग्णाला उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती मिळालीच पाहिजे. या निकालानंतर इतकी वर्षे लोटली, तरी ‘पती किंवा पालक’ यांच्या सहीची रेघ आपल्या संमतिपत्रांवरून पुसली गेलेली नाही.

दुसरा निकाल 5 एप्रिल 2023 चा. राजस्थानातील डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी 2013 मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सर्व राज्यांना केंद्राची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. त्यांत जिल्ह्यापासून केंद्रापर्यंत देखरेख समित्यांची तरतूद आहे. हे मोठे पाऊल आहे. पण देखरेखीचा सारा भर ‘शस्त्रक्रिया गरजेची होती का’ या प्रश्नावर आहे. तो प्रश्न महत्त्वाचाच. मात्र गरजेच्या शस्त्रक्रियेनंतरही स्त्रीला जगायचे असते आणि तिच्या जगण्यात शरीरसुखाला स्थान असते, हा दुसरा प्रश्न समितीच्या तक्त्यात बसत नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. संमतिपत्रात स्त्रीच्या भाषेत पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: नेमके कोणते अवयव काढणार आणि अंडाशय काढणार असतील तर का, या उपचाराला कोणते पर्याय आहेत, इच्छा, ओलावा, वेदना आणि तृप्ती यांवर काय परिणाम होऊ शकतो आणि तो तात्पुरता की कायमचा, संबंध पुन्हा केव्हा सुरू करता येतील, साधारणपणे सहा आठवड्यांनी आणि डॉक्टरांनी तपासल्यानंतर, आणि त्रास झाल्यास कुणाकडे जायचे. योनीमार्गातील कोरडेपणावर स्थानिक इस्ट्रोजेनचे मलम आहे, वंगण आहे, अकाली रजोनिवृत्तीवर योग्य तपासणीनंतर संप्रेरकांचे उपचार आहेत. यांतली पहिली दोन साधने तर तालुक्याच्या गावीही मिळू शकतात. फक्त ती कुणीतरी सांगावी लागतात. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी आणि वर्षाने एक भेट व्हावी आणि त्या भेटीत प्रश्न डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने स्वतःहून विचारावा. स्त्री तो विचारणार नाही. मी वीस वर्षे या विषयावर लिहूनही तो अडखळतच विचारला होता. पुढच्या कुटुंब सर्वेक्षणात अंडाशयांविषयी एका प्रश्नाची भर पडावी आणि विमा योजनेने गर्भाशय वाचवण्याचाही खर्च उचलावा.

पुरुषांविषयीही लिहिले पाहिजे. या विषयावरील चर्चेत त्यांना बहुधा खलनायक किंवा प्रेक्षक केले जाते. माझा पती दोन्ही नव्हता. त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून कागदावर चित्र काढले आणि इंजेक्शनाचा परिणाम समजावला, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे हे आमच्यात नव्हते तर.’’ आमच्या संसारातील कितीतरी रात्री त्या एका वाक्याने मोकळ्या झाल्या. नवऱ्याच्या सहीऐवजी नवऱ्याला माहिती द्या, तीही पत्नीची परवानगी घेऊन. आणि जिला नवरा नाही, जी विधवा, अविवाहित किंवा परित्यक्ता आहे, तिला ‘तुम्हाला आता काय गरज’ असे म्हणू नका. तिचे शरीर तिचेही असते.

औषधाचा अंमल काही आठवड्यांत ओसरला. पुढे माझे गर्भाशय काढावेच लागले, कारण गाठी अनेक होत्या आणि रक्तस्राव परतला होता. पण तो निर्णय मी समजून-उमजून घेतला. अंडाशय राहिले. त्या डॉक्टरीणबाईंनी संमतिपत्रावर ‘अंडाशयांना हात लावू नये’ असे माझ्यादेखत लिहिले आणि खाली फक्त माझी सही घेतली. सही करताना माझा हात थरथरला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी, कित्येक वर्षांत प्रथमच, मला संबंधांच्या वेळी दुखले नाही. सार्वजनिक जीवनात स्त्रीने हे वाक्य लिहू नये, असा संकेत आहे. त्या संकेताची किंमत गुंटूरच्या त्या बाईने मोजली आहे, म्हणून मी ते लिहिते आहे.

बरे झाल्यावर मी त्या आशाताईंना दूरध्वनी केला. त्यांना ती बाई आठवत होती. मजुरीच्या शोधात कुटुंब दुसरीकडे गेले होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी आशाताईंना सांगितले. होय, दुखते ते त्या ऑपरेशनमुळेच असू शकते, तिची त्यात काही चूक नाही आणि त्यावर औषध आहे. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग आशाताई म्हणाल्या, ‘‘मेडम, आमच्या गावात अशा अजून बऱ्याच जणी आहेत. औषधाचे नाव जरा सावकाश सांगा, मी लिहून घेते.’’